क्रेव्हन स्ट्रीट, क्रमांक ३६ : जॉर्जियन काळातील रांगेतले घर कसे वाचावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : लंडनमध्ये क्रेव्हन स्ट्रीटवर अमेरिकन मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांचे वास्तव्य असलेले घर बाहेरून अगदी साधे आणि शेजारच्या घरांसारखेच दिसते, मग त्याला इंग्लंडमधील संरक्षित इमारतींची ‘ग्रेड वन’ ही सर्वोच्च श्रेणी केवळ त्यांच्या नावामुळे मिळाली, की वास्तू म्हणूनही त्या घरात काही आहे? आणि अशी घरे पाहताना किंवा दुरुस्त करताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

नावाचे वजन आहेच. फ्रँकलिन १७५७ पासून लंडनमध्ये होते, त्या काळातला बहुतेक मुक्काम त्यांनी या घरात मार्गारेट स्टीव्हन्सन यांचे भाडेकरू म्हणून केला, आणि त्यांनी वास्तव्य केलेल्या घरांपैकी जगात हे एकच आज उभे आहे. पण जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या माणसाला हे घर मोलाचे वाटते ते दुसऱ्या कारणाने. सुमारे १७३० मध्ये बांधलेल्या एका मध्यम दर्जाच्या घराचा जिना, भिंतींचे लाकडी पॅनेलिंग, खिडक्या आणि फायरप्लेस यांचा मोठा भाग त्यात मूळचा टिकून आहे. सरदारांचे प्रासाद पुष्कळ टिकले. भाड्याने देण्यासाठी बांधलेली, हात राखून खर्च केलेली घरे मात्र आतून पिढ्यानपिढ्या बदलत गेली आणि त्यांचे केवळ दर्शनी भाग उरले. या घराचा साधेपणा हीच त्याची वास्तुकला आहे, आणि तो साधेपणा कशातून घडला हे कळल्यावर घराचा प्रत्येक भाग उलगडत जातो.

सुरुवात रांगेपासून करावी लागते. इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकापाठोपाठ आले, म्हणून तो जॉर्जियन काळ. या काळातले शहरी घर सुटे नसते. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामायिक असतात, समोर रस्ता आणि मागे परसाची अरुंद पट्टी असते. रुंदी साधारणपणे पंधरा ते चोवीस फूट, म्हणजे दोन किंवा तीन खिडक्यांची, आणि उरलेली सगळी जागा उंचीतून व खोलीतून मिळवलेली. रस्त्याला लागून असलेल्या जागेची किंमत सर्वांत जास्त असल्यामुळे जमीनमालक एका रस्त्यावर जास्तीत जास्त घरे बसवत असे, आणि म्हणून लंडनचा मनुष्य सरळ उभा राहत असे : स्वयंपाक तळघरात, जेवण तळमजल्यावर, बैठक पहिल्या मजल्यावर, झोप त्याच्या वर आणि नोकर माळ्यावर.

ही घरे बहुधा कोणा नामवंत वास्तुकाराने आखलेली नसत. जमीन एखाद्या मोठ्या घराण्याची असे. क्रेव्हन स्ट्रीटच्या नावातच तिथल्या जमीनमालकाचे नाव आहे. मालक जमीन विकत नसे, तो दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देत असे. पट्टा घेणारा पुष्कळदा सुतार किंवा गवंडी असे. बांधकामाच्या सुरुवातीच्या एकदोन वर्षांसाठी भाडे नाममात्र ठेवलेले असे, आणि त्या मुदतीत त्याला घराचा सांगाडा उभा करून पुढचा ग्राहक शोधावा लागे. रोख पैसा सगळ्यांकडेच कमी असल्यामुळे सुताराने गवंड्याच्या घराचे लाकूडकाम करायचे आणि गवंड्याने सुताराच्या भिंती उभारायच्या, अशी कामाच्या बदल्यात कामाची पद्धत चालत असे. पट्टा संपला की घर जमिनीसह मूळ मालकाकडे परत जाणार, हे बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असे. त्यामुळे जिथे ग्राहकाची नजर पडते तिथे उत्तम काम आणि जिथे पडत नाही तिथे चालण्यापुरते, हा हिशेब या घरांच्या अंगात मुरलेला आहे. त्यात फसवणूक पाहण्याचे कारण नाही, कारण मर्यादित भांडवलात सभ्य घर देण्याचे ते एक विचारपूर्वक शोधलेले तंत्र होते आणि त्यातली कितीतरी घरे पट्ट्याच्या मुदतीच्या कैकपट टिकली आहेत.

दर्शनी भागाचे दुसरे शिल्पकार म्हणजे कायदे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर १६६७ च्या कायद्याने लंडनमध्ये विटांच्या किंवा दगडांच्या भिंती सक्तीच्या केल्या आणि घरांचे प्रकार ठरवून दिले. १७०७ च्या कायद्याने छपराच्या कडेची लाकडी कंगणी बंद केली, कारण आग त्या कंगणीवरून एका घरातून दुसऱ्या घरात धावत असे. तेव्हापासून दर्शनी भिंत छपराच्या वर कठड्यासारखी नेण्याची रीत रूढ झाली आणि छप्पर रस्त्यावरून दिसेनासे झाले. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून चार इंच आत घेण्यास सांगितले. आज आपण ज्या सावलीच्या रेषेमुळे या खिडक्यांना खोली आहे असे म्हणतो, ती रेषा आगीच्या भीतीतून आली आहे. १७७४ च्या कायद्याने, ज्याचा मसुदा रॉबर्ट टेलर आणि धाकटे जॉर्ज डान्स या वास्तुकारांनी केला होता, एक पाऊल पुढे टाकून वर-खाली सरकणाऱ्या (सॅश) खिडकीची तोल धरणारी वजने ज्या लाकडी पेटीत असतात ती पेटीही विटांच्या मागे लपवायला लावली. म्हणून तारीख ठरवताना खिडकी हा चांगला साक्षीदार ठरतो : चौकट भिंतीच्या रेषेत असेल तर घर बहुधा १७०९ पूर्वीचे, चौकट आत पण पेटीचे रुंद लाकूड दिसत असेल तर मधल्या काळातले, आणि विटांच्या कडेतून केवळ लाकडाची बारीक किनार डोकावत असेल तर १७७४ नंतरचे. अर्थात कायदा केवळ लंडन आणि वेस्टमिन्स्टरपुरता होता आणि तिथेही तो ताबडतोब पाळला गेला नाही, म्हणून एकट्या खिडकीवर निकाल देऊ नये.

याच १७७४ च्या कायद्याने घरांचे चार दर्जे केले. साडेआठशे पौंडांपेक्षा जास्त किमतीचे आणि नऊशे चौरस फुटांपेक्षा जास्त जागा व्यापणारे ते पहिल्या दर्जाचे. दीडशे पौंडांखालचे आणि साडेतीनशे चौरस फुटांच्या आतले ते चौथ्या दर्जाचे. प्रत्येक दर्जासाठी भिंतींची जाडी ठरलेली होती. लाकडी सजावटीवर बंधने आल्यामुळे दारावरचे अलंकार एलिनॉर कोड यांच्या लॅम्बेथ येथील कारखान्यातल्या भाजलेल्या कृत्रिम दगडाचे होऊ लागले. लंडनमधल्या बेडफर्ड स्क्वेअरच्या दारांवर ते आजही पाहता येतात. क्रेव्हन स्ट्रीटचे घर या सगळ्याच्या चाळीसेक वर्षे आधीचे आहे, तेव्हा तिथे तो एकसारखा काटेकोरपणा शोधू नये. १७३० च्या सुमाराच्या घरांत सुताराचा हात अजून मोकळा असतो, आणि मला व्यक्तिशः हीच पिढी अधिक आवडते.

आता प्रमाणांविषयी. दर्शनी भागावर खांब नसले तरी तो भाग अभिजात इमारतीच्या हिशेबाने आखलेला असतो, जणू तळमजला हे जोते, त्याच्या वरचे मजले हा स्तंभ आणि वरचा कठडा हा त्याचा माथा. पहिल्या मजल्यावर मुख्य बैठक असल्यामुळे तिथल्या खिडक्या सर्वांत उंच, दुसऱ्या मजल्यावरच्या त्याहून कमी आणि माळ्याच्या जवळजवळ चौरस. मजल्याची प्रतिष्ठा रस्त्यावरूनच मोजता येते. फ्रँकलिन भाडेकरू असूनही त्यांचे मुख्य वास्तव्य पहिल्या मजल्यावर होते, यावरून त्या घरातले त्यांचे स्थान कळते.

खिडक्यांवरच्या कराविषयी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो. हा कर १६९६ मध्ये आला आणि १८५१ मध्ये गेला, आणि त्या काळात अनेकांनी खिडक्या बुजवल्या हे खरे आहे. परंतु विटांनी बंद दिसणारी प्रत्येक खिडकी करामुळे बुजवलेली असते असे नाही. पुष्कळ खिडक्या मुळातच खोट्या बांधलेल्या असतात, कारण आतल्या बाजूला धुराडे किंवा आडवी भिंत येते आणि बाहेरून मात्र रांगेची लय मोडू द्यायची नसते. बुजवलेल्या खिडकीच्या विटा आजूबाजूच्या भिंतीत गुंफलेल्या आहेत की नुसत्या आत भरल्या आहेत, हे जवळून पाहिले की शंका फिटते.

विटांकडे बारकाईने पाहणे हा या अभ्यासातला सर्वांत फलदायी भाग आहे. लंडनच्या विटेच्या मातीत शहरातल्या चुलींची चाळलेली राख मिसळत असत. राखेतले अर्धवट जळलेले कण भट्टीत वीट आतूनही भाजून काढत. दर्शनी भागात एक वीट लांबीने आणि पुढची डोक्याने, म्हणजे आखूड बाजूने, अशी फ्लेमिश बांधणी असते, आणि खिडक्यांवरच्या कमानींसाठी मऊ लाल विटा घासून, नेमक्या पाचरीच्या आकारात आणून, चुन्याच्या लोण्यासारख्या मळीत इतक्या जवळ बसवतात की सांधा पांढऱ्या धाग्याएवढा दिसतो. अशी कमान जॉर्जियन गवंड्याचे सर्वोत्तम काम होय. जिथे एवढा खर्च परवडत नसे तिथे विटांच्या रंगाचा चुना दरजांत भरून त्यावर पांढऱ्या चुन्याची बारीक सरळ रेघ उमटवत आणि दुरून तसाच परिणाम साधत. हे नाजूक काम जुन्या भिंतींवर तुकड्यातुकड्यांनी अजून सापडते, आणि भिंत धुऊन स्वच्छ करण्याच्या उत्साहात तेच सर्वांत आधी नाहीसे होते.

पण याच भिंतीचा एक दोष ठाऊक असला पाहिजे. दर्शनी बाजूच्या चांगल्या विटा महाग आणि आतल्या कच्च्या भाजलेल्या विटा स्वस्त. दोन्हींचे आकार आणि थर जुळत नसत. बाहेरून डोक्याने बसवलेली दिसणारी वीट भिंतीत पूर्ण आत गेलेली असावी अशी आपली अपेक्षा असते, परंतु गवंडी पुष्कळदा तिचे दोन तुकडे करून अर्धीच लावत असे. परिणामी दीड विटेची दिसणारी भिंत प्रत्यक्षात अर्ध्या विटेचा देखणा पापुद्रा आणि त्यामागची एक विटेची ओबडधोबड भिंत असते, आणि दोन्ही एकमेकींना मोजक्याच ठिकाणी धरून असतात. त्यात भर म्हणून आतल्या भागात मजबुतीसाठी आडवी लाकडे चिणलेली असत. ओल लागून ती कुजली की आतली भिंत बसते, बाहेरचा पापुद्रा तसाच राहतो आणि मधोमध फुगतो. फुगवटा दिसताच भिंत उतरवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर आधी तो फुगवटा वाढतो आहे की शंभर वर्षांपूर्वीच थांबला आहे हे मोजून पाहावे. अनेकदा बारीक स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी दोन्ही थर शिवून घेतले की पुरते.

घराच्या आत भार वाहणारा मधला पडदा लाकडाचा असतो. पुढची आणि मागची खोली यांच्यामधली ही भिंत हाताने वाजवली तर पोकळ वाटते, म्हणून नूतनीकरणात तीच पहिली पाडली जाते. प्रत्यक्षात तिच्या पोटात उभी-तिरकी लाकडे असतात आणि वरच्या मजल्यांचा मोठा भार तिच्यावर असतो. विटांच्या भिंती आणि लाकडी पडदा सारखे खचत नाहीत, म्हणून या घरांच्या जमिनी बहुधा आत, जिन्याच्या दिशेने उतरत्या असतात आणि दारांच्या चौकटी काटकोन सोडतात. या तिरकेपणाने घाबरून जाऊ नये. तुळया समोरून मागे टेकल्या आहेत की एका सामायिक भिंतीपासून दुसरीपर्यंत, हे मात्र आधी शोधावे. दुसऱ्या प्रकारात दर्शनी भिंतीला मजल्यांचा आधार फारच कमी असतो, आणि तिला मागे धरून ठेवणाऱ्या पट्ट्या लागतात.

जिना मागच्या बाजूला, एका सामायिक भिंतीलगत असतो, आणि घरातल्या प्रतिष्ठेची उतरंड जिन्याइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही. पहिल्या मजल्यापर्यंत कातीव काठ्या, पायऱ्यांच्या टोकांना कोरीव तुकडे आणि रुंद हातकठडा. वर जाऊ लागले की काठ्या साध्या होतात, पायरी अरुंद होते, आणि माळ्यावर पोहोचेपर्यंत निव्वळ कामापुरते लाकूड उरते. पॅनेलिंगचेही तसेच. पहिल्या मजल्यावर चौकटींना घडीव कडा, वर सपाट फळ्या. हे लाकूड बाल्टिक प्रदेशातून येणारे पाइनसारखे मऊ लाकूड असे आणि ते रंगवण्यासाठीच लावलेले असे. विसाव्या शतकात हजारो घरांतले रंग खरवडून, लाकूड उघडे करून त्याला मेणाची चकाकी दिली गेली. त्यात मूळ स्वरूप तर नाहीच, शिवाय रंगाच्या थरांत साठलेला घराचा सगळा इतिहासही वाहून गेला. क्रेव्हन स्ट्रीटच्या घरातल्या खोल्या २००६ मध्ये घर लोकांसाठी खुले झाले तेव्हापासून जवळजवळ रिकाम्या ठेवल्या आहेत. आवाज आणि प्रकाशचित्रे यांच्या साहाय्याने कथा सांगितली जाते. फर्निचर नसल्याची काही जणांची तक्रार असते, परंतु मला हा निर्णय फार योग्य वाटतो, कारण पॅनेलिंगच्या चौकटी, खिडकीची घडीची दारे आणि फायरप्लेसचे स्थान यांच्याकडे नजर सरळ जाते.

फायरप्लेस सामायिक भिंतीत असतात आणि प्रत्येक खोलीचा धूरमार्ग स्वतंत्रपणे वर जातो, म्हणून वर जाता जाता ती भिंत आतून अधिकाधिक पोकळ होत जाते. फ्रँकलिन यांनी याच घरात धुराड्याच्या तोंडाशी मागेपुढे सरकणारी लोखंडी पट्टी बसवून खोलीतली ऊब वाया जाणे कमी केले आणि १७५८ मध्ये आपले मित्र जेम्स बोडोइन यांना पत्रातून ती रचना कळवली. घराच्या मोठ्या उणिवेवर भाडेकरूने केलेला तो उपाय होता : उंच खोली, पातळ काच आणि उघडे धुराडे यांमुळे ही घरे हिवाळ्यात अतिशय थंड असत.

मागची बाजू पाहिल्याशिवाय निरीक्षण पूर्ण होत नाही. समोर शिस्त आणि मागे सोय, हा नियम बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या घरांच्या रांगेत सर्वांत ठळक दिसतो. तिथे धाकटे जॉन वुड यांनी १७६७ ते १७७४ या काळात तीस घरांचा चंद्रकोरीच्या आकाराचा एकच भव्य दर्शनी भाग उभा केला, आणि त्यामागचे घर ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे बांधले; म्हणून मागून पाहिले तर कोणतीच दोन घरे जुळत नाहीत. लंडनच्या घरांत मागे एक लहान जोडखोली असते आणि तळघर पुष्कळदा मागच्या परसाशी समपातळीत येते, कारण खणलेली माती समोरचा रस्ता उंच करण्यासाठी वापरलेली असे. रस्त्याखाली कोळशाची भुयारी कोठारे आणि फुटपाथवर त्यांची गोल लोखंडी झाकणे असतात. क्रमांक ३६ च्या मागच्या बाजूने तर वेगळाच इतिहास जपला. स्टीव्हन्सनबाईंचे जावई विल्यम ह्यूसन यांनी १७७२ पासून तिथे शरीररचनेची शाळा चालवली होती, आणि १९९८ मध्ये दुरुस्तीच्या वेळी तळघरातल्या खड्ड्यात माणसांच्या हाडांचे बाराशेहून अधिक तुकडे मिळाले. म्हणून तळघराची फरशी उखडण्याआधी पुरातत्त्वज्ञाला बोलावणे हे अशा घरांत सोपस्कार मानू नये.

हा परिसर किती बदलला हेही ध्यानात घ्यावे. १८७० मध्ये तिथला नदीकाठचा बांध पूर्ण होण्यापूर्वी क्रेव्हन स्ट्रीट थेट थेम्सच्या काठाला भिडत असे. १८६४ मध्ये शेजारीच चेअरिंग क्रॉस स्थानक उभे राहिले. आणि जवळची, वास्तुकार अॅडम बंधूंची अडेल्फी ही प्रसिद्ध रांग १९३६ मध्ये पाडली गेली. त्या विध्वंसानंतर १९३७ मध्ये जॉर्जियन ग्रुप ही संवर्धन संस्था स्थापन झाली आणि या काळातल्या सामान्य घरांनाही संरक्षण मिळावे हा आग्रह मूळ धरू लागला.

दुरुस्तीच्या बाबतीत माझे सर्वांत ठाम सांगणे सिमेंटविषयी आहे. चुन्याची दरज मऊ असते, ती घराबरोबर थोडी हलते आणि भिंतीतली ओल बाहेर सोडते. त्या जागी सिमेंट भरले की ओल दरजेऐवजी विटेतून बाहेर पडू लागते, थंडीत विटेतले पाणी गोठते आणि विटेचा चेहरा गळून पडतो. पुण्याच्या किंवा वाईच्या जुन्या वाड्यांत गोठण्याचा प्रश्न नसला, तरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवल्यावर आतले लाकूड कसे कुजते हे आपल्याकडच्या गवंड्यांनी पाहिलेले आहे. कारण एकच, अडकलेली ओल. विटांवर पाणी रोखणारे रसायन फवारणे, तळघराच्या भिंतींना अभेद्य थर देणे, लाकडी मजल्याखालची हवेची जाळी बंद करणे, हे सगळे त्याच जातीचे उपाय आहेत आणि ते टाळावेत. सॅश खिडक्यांची कुजलेली खालची कड तेवढी बदलून, दोऱ्या नव्या घालून, आतून दुसरी काच बसवली तर थंडी व आवाज दोन्ही पुष्कळ कमी होतात. जुनी, किंचित लहरी काच मात्र काढू नये, कारण ती पुन्हा मिळत नाही.

आणि तपासणीला सुरुवात वरून करावी. कठड्यामागे लपलेल्या छपराचे पाणी दोन उतारांच्या मधल्या शिशाच्या पन्हळीतून घराच्या पोटातून मागे नेलेले असते, आणि ती पन्हळ रस्त्यावरून कोणालाच दिसत नाही. पानांनी किंवा कबुतरांच्या घरट्यांनी ती तुंबली की पाणी आधी तुळयांच्या टोकांत, मग चिणलेल्या लाकडांत आणि शेवटी पहिल्या मजल्याच्या चुन्याच्या छतात उतरते. घर विकत घेताना सर्वेक्षकाला माळ्यात चढून ही पन्हळ पाहायला लावावी, आणि घर आपले झाल्यावर शरद ऋतूत पानगळ संपली की दरवर्षी ती साफ करून घ्यावी.